तहाची कलमे लिहा (गुण ५)

रास अल खैमा, रम्सकडे जाणारा रस्ता, टाइल्सचं गोदाम.
एकतीस डिसेंबर, रात्रीचे अकरा. वर्षअखेरची मोजदाद.
तांग पेईरू खोकी मोजते, मी आकडे भरतो,
कस्टमचा उबैद अल-शेही, रिटायर व्हायला सहा महिने,
सील तोडायला लागतो म्हणून थांबलेला,
खुर्चीतच पेंगतोय.

फोशानहून आलेल्या मालात एक खोकं फुटकं.
फॉर्मवर पेईरू सही करेना.
आधी वाचते, म्हणाली. मागची बाजूसुद्धा.
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात,
लढाईत जिंकले, तहात हरले.
तिने पेन खाली ठेवलं.
आम्ही तर दोन्हीत.

मग निघालीच यादी.
तिची पाठ होती: नानजिंग, तिएनजिन, पेकिंग, शिमोनोसेकी,
आणि एकोणीसशे एकचा तो, दंड पंचेचाळीस कोटी ताएल चांदी,
माणशी एक, तान्ह्या पोरांसकट.
माझी: पुरंदर, सालबाई,
आणि वसईचा, जो आमच्याच गावात झाला.
तारीख आजचीच.
आम्ही लोपीस, पानवेलीवाले,
आमच्या आळीत या रात्री केक कापतात,
पेशवा कुणाला आठवत नाही.

ती म्हणाली, नानजिंगचा तह जहाजावर झाला.
मला ठाऊक होतं. ते जहाज
मुंबईच्या गोदीत बांधलेलं, सागवानी.
अफूच्या पेट्याही मुंबईहूनच जायच्या, माळव्याच्या.
आमचा एक पूर्वज गोदीत सुतार होता, असं आजी सांगायची.
कुठल्या जहाजावर, ते आम्ही तिला विचारलं नाही.
हे मी पेईरूला सांगितलं नाही.
विचारलं, मग क्रांती?

क्रांती? तिने खोक्याला टेकून पाय ताणले.
पणजोबांची वेणी कापली सैनिकांनी, भर बाजारात.
ती त्यांनी उचलून आणली, डब्यात घालून ठेवली,
न जाणो, बादशहा परत आला तर.
बादशहा आला नाही. जपानी आले.
नंतर दुसरी क्रांती आली, तिच्या पोटातून तिसरी,
तेव्हा घरोघर झडती. आजीने डबा उघडला,
वेणी चुलीत घातली.
पन्नास वर्षांचे केस, म्हणाली, आणि वास किती ताजा.
झडतीवाली पोरं दारात थांबली, नाकं मुरडली,
कोंबडी भाजताय का, विचारलं.
ती हसली. मला हसावं की नाही कळेना.

बाराला समुद्राकडे उजेड झाला,
हिरवा, मग सोनेरी.
आवाज पोचला बऱ्याच उशिरा,
आणि गोदामाचं पत्र्याचं दार थरथरलं.
दारू आमची, पेईरू म्हणाली, सवयीने.

उबैदला जाग आली. डोळे न उघडताच म्हणाला,
धायाच्या टेकडीवर आमची माणसं अशीच ऐकत बसली होती,
खाली खजुरी जळत होत्या.
तोफा बोटींतून आल्या.
मग कागद आला.
मी सात वर्षांचा होईपर्यंत नकाशावर
या किनाऱ्याचं नावच 'तहाचा किनारा' होतं.
गावाचं नाव विचारलं तर कुणी करार सांगतं का?
मग डोळे उघडून माझ्याकडे बघत, अगदी सहज:
बोटी मुंबईच्या होत्या. तू मुंबईचा ना?

वसईचा, मी म्हटलं.
फार घाईने म्हटलं.

त्याने थर्मासमधला चहा तीन कपांत ओतला.
चा, पेईरू म्हणाली. चहा, मी. शाय, तो.
या एका मुद्द्यावर मतभेद नव्हते.

मग तिने फॉर्म पुढे ओढला,
छापील कलमांखाली जी अर्धी ओळ मोकळी होती
तिथे बारीक अक्षरात लिहिलं:
माल पोचला तेव्हाच फुटलेला होता.
आमच्या हातून नाही.

तिने सही केली. उबैदने शिक्का मारला.
तिसऱ्या रकान्यात माझं नाव आधीच टाइप केलेलं होतं.
मी ती शेवटची ओळ परत वाचली.
पेईरू म्हणाली, वाच, वाच.
घाई नाही.